संगीतोपचार, अंत्यावस्थेतील

दुर्धर व्याधीमुळे किंवा वार्धक्यजन्य क्षीणतेमुळे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यास पोहोचलेल्या व्यक्तीच्या वेदना, अस्वस्थता, भय आणि एकाकीपणा यांचा परिहार व्हावा, म्हणून प्रशिक्षित उपचारकाने केलेला संगीताचा हेतुपूर्वक व नियोजनबद्ध उपयोग. रोग बरा करणे किंवा आयुष्य वाढविणे हे या उपचाराचे उद्दिष्ट नसते. उरलेला काळ शक्य तितका सुसह्य व्हावा आणि त्या काळात रुग्णाचे व्यक्तिमत्त्व व त्याचे आप्तेष्टांशी असलेले नाते टिकून राहावे, एवढीच त्यामागील अपेक्षा असते. औषधे, शुश्रूषा, समुपदेशन व धार्मिक आधार यांच्या जोडीने हा उपचार करावयाचा असतो. त्यांची जागा तो घेऊ शकत नाही. त्याचे क्षेत्र सर्व वयांच्या रुग्णांचे असले, तरी प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वृद्धांचा विचार केला आहे.

संगीताचा रुग्णाशी येणारा प्रत्येक संबंध म्हणजे संगीतोपचार नव्हे. नातेवाइकांनी खाटेजवळ लावलेली ध्वनिमुद्रिका, भजनी मंडळाने रुग्णालयात सादर केलेला कार्यक्रम आणि परिचारिकेने शस्त्रक्रियेपूर्वी ऐकविलेले संगीत या सर्वांचा उपयोग होऊ शकतो. परंतु संगीतोपचारात तीन गोष्टी अधिक असतात : रुग्णाच्या स्थितीची पद्धतशीर पाहणी, त्या पाहणीवरून ठरविलेले निश्चित उद्दिष्ट आणि रुग्णाच्या क्षणोक्षणीच्या प्रतिसादानुसार संगीतात बदल करणारा उपचारक. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. ध्वनिमुद्रित गीत रुग्णाचा श्वास अडखळला म्हणून थांबत नाही. गाणारा उपचारक थांबू शकतो.

पूर्वपीठिका : मरणोन्मुख व्यक्तीजवळ गाण्याची वा पठण करण्याची प्रथा अनेक समाजांत जुनी आहे. फ्रान्समधील क्लूनी येथील बेनेडिक्टाइन मठात अकराव्या शतकात एखाद्या भिक्षूचा अंतकाळ जवळ आला, की सर्व संघ त्याच्याभोवती जमून प्रार्थना व स्तोत्रे म्हणत असे. महाराष्ट्रातही अखेरच्या घटकेस नामस्मरण, विष्णुसहस्रनाम किंवा गीतेचे पठण करण्याची आणि वारकरी घराण्यांत हरिपाठ म्हणण्याची रीत आहे. या प्रथांमागील प्रेरणा पारलौकिक असली, तरी मरणाऱ्यास एकटे सोडावयाचे नाही आणि त्याच्या परिचयाचा स्वर त्याच्या कानी पडत राहावा, हे दोन ऐहिक हेतूही त्यांतून साधले जातात. आधुनिक संगीतोपचाराने मुख्यतः या दोन हेतूंनाच शास्त्रीय चौकट दिली आहे.

संगीतोपचाराचा व्यवसाय म्हणून उदय विसाव्या शतकात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांसाठी वादक-गायकांचा उपयोग करण्यात आला आणि त्या अनुभवातून प्रशिक्षणाची गरज पुढे आली. मिशिगन स्टेट कॉलेजमध्ये १९४४ साली या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला व १९५० साली अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्यूल्येत आल्व्हँ यांच्या पुढाकाराने १९५८ साली अशीच एक संस्था निघाली. या आरंभीच्या काळात उपचारकांचे लक्ष मुख्यतः मनोरुग्ण व मतिमंद मुले यांच्याकडे होते. मरणासन्न रुग्ण त्यांच्या कक्षेबाहेरच होता.

ही उणीव दूर होण्यास हॉस्पिस चळवळ कारणीभूत झाली. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी १९६७ साली लंडनच्या सिडनम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस ही संस्था सुरू केली. मरणासन्न रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसून तीत मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक क्लेशही मिसळलेले असतात, असे प्रतिपादन करून त्यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली. त्यांच्या कार्यापासून स्फूर्ती घेऊन बॅल्फर माउंट यांनी १९७५ साली कॅनडातील माँट्रिऑल येथे रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात उपशामक परिचर्येचा विभाग उघडला. त्या विभागात सूझन मन्रो या संगीतोपचारक म्हणून काम करीत. मन्रो व माउंट यांनी १९७८ मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला लेख या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनात मोडतो. १९८४ मध्ये मन्रो यांचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इ. देशांतील अनेक हॉस्पिस संस्थांत संगीतोपचारकांची नेमणूक होऊ लागली.

याच सुमारास एक वेगळी शाखाही विकसित झाली. अमेरिकन हार्पवादक टेरीझ श्रोडर-शेकर यांनी अंतकाळी रुग्णाशेजारी हार्प व कंठस्वर यांच्या साहाय्याने सेवा देण्याची पद्धती घडविली आणि तिला ‘म्यूझिक-थॅनॅटॉलॉजी’ हे नाव दिले. १९९२ पासून माँटॅना राज्यातील मिझूला येथील सेंट पॅट्रिक रुग्णालयात तिचे शिक्षण दिले जाऊ लागले. या पद्धतीत परिचित गीते सामान्यतः टाळतात. परिचित गीत स्मृती जागवून रुग्णाला आयुष्याकडे ओढते; उलट ठाशीव तालाचे बंधन नसलेले अपरिचित संगीत त्याला शांतपणे निरोप घेण्यास साहाय्य करते, अशी तीमागील धारणा आहे. यांखेरीज केट मंगर यांनी २००० साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘थ्रेशोल्ड कॉयर’ या उपक्रमातील हौशी गायक-गायिका दोघे-तिघे मिळून रुग्णाच्या खाटेजवळ हलक्या आवाजात गातात. ही सेवा स्वयंसेवी असून तिला उपचाराचा दर्जा दिला जात नाही.

शास्त्रीय आधार : संगीताने वेदना का कमी जाणवते, याचे पूर्ण स्पष्टीकरण उपलब्ध नाही, तथापि काही उपपत्ती मार्गदर्शक ठरल्या आहेत. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार वेदनेचे संदेश मेरुरज्जूमधून मेंदूकडे जाताना त्यांचे नियमन होते आणि या नियमनावर मेंदूतून खाली येणाऱ्या संदेशांचाही प्रभाव पडतो. अवधान, भय, अपेक्षा व पूर्वानुभव यांमुळे तीच इजा कमीअधिक दुःसह वाटते, ती यामुळे. संगीत अवधान वेधून घेते व भय कमी करते. म्हणून मूळ रोगात काहीच फरक न पडताही वेदनेची जाणीव सौम्य होऊ शकते.

दुसरा आधार सांगीतिक स्मृतीचा. सामान्यतः किशोरावस्थेपासून पंचविशी-तिशीपर्यंत ऐकलेली गीते माणसाच्या स्मरणात सर्वांत दृढ राहतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांतही ही स्मृती बऱ्याच अंशी शाबूत राहते. स्वतःच्या मुलांची नावे न आठवणारी व्यक्ती तरुणपणातील गाण्याची कडवी बिनचूक म्हणते, हा अनुभव शुश्रूषागृहांत नेहमी येतो. लाइपसिक येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की दीर्घकाळ परिचित असलेल्या संगीताच्या स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग अल्झायमर रोगात तुलनेने उशिरा झिजतात.

तिसरा आधार लयीचा आहे. श्वसनासारख्या शारीरिक क्रिया बाहेरून ऐकू येणाऱ्या लयीशी जुळवून घेण्याकडे झुकतात. अमेरिकन मनोविकारवैद्य आयरा ऑल्टशूलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेले समतत्त्व येथे उपयोगी पडते. या तत्त्वानुसार संगीताचा आरंभ रुग्णाच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी व गतीशी मिळताजुळता ठेवावयाचा आणि नंतर ते हळूहळू इष्ट दिशेने न्यावयाचे असते. तळमळणाऱ्या रुग्णापुढे एकदम अतिविलंबित संगीत सुरू केल्यास ते त्याला परके वाटते, एवढेच नव्हे तर त्याची चिडचिड वाढू शकते.

पूर्वपाहणी : उपचारास आरंभ करण्यापूर्वी उपचारक रुग्णाची वैद्यकीय स्थिती, वेदनेची तीव्रता, औषधांचा अंमल, थकवा, श्रवणक्षमता व बोधावस्था यांची माहिती करून घेतो. त्यानंतर रुग्णाचा सांगीतिक पूर्वेतिहास विचारला जातो. कोणत्या भाषेतील व बोलीतील गाणी त्याने लहानपणी ऐकली, घरात कोण गात असे, विवाह, सण, उपासना वा श्रम यांच्याशी कोणती गीते जोडलेली आहेत, आणि कोणते संगीत त्याला ऐकावयाचे नाही, हे प्रश्न त्यात येतात. यांतील शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही. दिवंगत जोडीदाराचे आवडते गाणे एखाद्यास दिलासा देते, तर दुसऱ्यास असह्य होते.

निवडीच्या बाबतीत जन्मसाल पुष्कळदा उपयुक्त सुगावा देते. उदा., १९३८ च्या सुमारास जन्मलेल्या मराठी व्यक्तीची किशोरावस्था व तारुण्य १९५० ते १९७० या काळात येते. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण, तत्कालीन भावगीते व चित्रपटगीते ही तिच्या स्मृतीत असण्याचा संभव असतो. परंतु ही अटकळच होय. तीच व्यक्ती कोकणातील खेड्यात वाढली असल्यास दशावतारातील पदे, गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबात वाढली असल्यास मांडो व चर्चमधील कोंकणी गीते आणि गिरणगावात वाढली असल्यास शाहिरी कवने तिला अधिक जवळची असू शकतात. जात्यावरच्या ओव्या म्हणत आयुष्य गेलेल्या वृद्धेस अभिजात संगीताची निवडक ध्वनिमुद्रणे ऐकविणे हा उपचारकाच्या अभिरुचीचा गौरव ठरेल, उपचार नव्हे.

कार्यपद्धती : उपचाराच्या पद्धती रुग्णाच्या शक्तीनुसार ठरतात. रुग्ण बोलू शकत असल्यास गीतनिवड ही सर्वांत साधी पद्धत वापरतात. कोणते गीत, कोणत्या पट्टीत, किती वेळ आणि केव्हा थांबावयाचे हे रुग्णाने ठरवावयाचे असते. खाणे, झोप, औषधे व हालचाल यांबाबत सर्व निर्णय इतरांच्या हाती गेलेल्या व्यक्तीस हा एक निर्णय तरी स्वतः घेता येतो, हे या पद्धतीचे मोल आहे. गीताच्या आशयावरून संभाषण सुरू करणे ही तीस लागून येणारी पायरी होय. मरणाविषयी थेट बोलण्यास न धजणारे वृद्ध गीतातील निरोपाविषयी मोकळेपणाने बोलतात.

गतायुष्याचे सिंहावलोकन ही वृद्धांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची पद्धती आहे. जीवनातील निरनिराळ्या कालखंडांशी निगडित असलेली गीते क्रमाने घेऊन त्यांच्या आधारे आठवणी सांगितल्या जातात व रुग्णाची इच्छा असल्यास त्या ध्वनिमुद्रित करून कुटुंबाच्या स्वाधीन केल्या जातात. काही रुग्ण उपचारकाच्या साहाय्याने एखाद्या परिचित चालीवर स्वतःचे शब्द बसवून मुले-नातवंडांसाठी गीत तयार करतात. बोलण्याची शक्ती नसलेल्या पण हात हलविता येणाऱ्या रुग्णास लहान तालवाद्य देऊन उत्स्फूर्त वादनातून संवाद साधला जातो. हेलन बॉनी यांनी १९७० च्या दशकात बॉल्टिमोर येथील संशोधनातून विकसित केलेल्या पद्धतीत संगीत ऐकताना मनात उमटणाऱ्या प्रतिमांचा मागोवा घेतला जातो. दुर्बल रुग्णांसाठी तिचे संक्षिप्त रूप वापरतात.

श्वासोच्छ्वासाचा त्रास व तळमळ यांसाठी उपचारक प्रथम रुग्णाच्या श्वासाचे निरीक्षण करतो आणि त्याच गतीने गुणगुणण्यास किंवा गिटारसारखे वाद्य छेडण्यास आरंभ करतो. दोन्ही गती जुळल्या, की गायनाची लय क्रमाक्रमाने मंद केली जाते. श्वासही तिच्यामागे काही प्रमाणात संथ झाला, तर उपचारक तेथेच स्थिरावतो. न झाल्यास पुन्हा मूळ गतीकडे येतो. जर्मनीत यासाठी मोनोकॉर्ड या वाद्याचा उपयोग करतात. एकाच स्वरात लावलेल्या अनेक तारांमुळे त्यातून उपस्वरांनी भरलेला अखंड नाद निघतो. भारतीय तंबोऱ्याचा नाद त्याच्याशी मिळताजुळता असून तालाचे बंधन नसल्याने तो श्वासाशी जुळविण्यास सोयीचा असतो.

उपचाराची बैठक सामान्यतः वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालते. अतिक्षीण रुग्णाच्या बाबतीत पाच-दहा मिनिटेही पुरेशी होतात. गीतानंतरची निःशब्दता हा बैठकीचाच भाग मानला जातो व ती घाईने भरून काढली जात नाही.

अखेरचे दिवस : मृत्यू काही दिवसांवर किंवा तासांवर आला असता रुग्णाचे बोलणे थांबते, श्वास अनियमित होतो व बाह्य उद्दीपनांना प्रतिसाद मिळेनासा होतो. अशा वेळी श्रवण शिल्लक असते काय, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. व्हँकूव्हर येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉस्पिसमधील प्रतिसादहीन रुग्णांचे विद्युत् मस्तिष्कालेखन करण्यात आले. स्वरक्रमात बदल होताच त्यांपैकी काहींच्या मेंदूत निरोगी व्यक्तींप्रमाणेच विद्युत् प्रतिक्रिया उमटल्याचे आढळले. यावरून निदान काही रुग्णांत ध्वनीची नोंद मेंदूपर्यंत पोहोचत असावी, असे म्हणता येते. ऐकलेल्याचा अर्थ त्यांना कळतो किंवा नाही, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. तथापि मरणासन्न व्यक्तीच्या खाटेजवळ तिला ऐकू येत आहे असे समजूनच बोलावे, हा परिचर्येतील जुना नियम या अभ्यासाने दृढ केला आहे.

या अवस्थेत संगीत अत्यंत साधे ठेवतात. मोजके स्वर, मंद आवाज, पुनरुक्ती आणि मधूनमधून विराम अशी त्याची घडण असते. कपाळावरील आठ्या, हातांची चाळवाचाळव, श्वासाची गती व डोळ्यांची हालचाल यांवरून रुग्णाला ते मानवते किंवा नाही, हे ताडावे लागते. अस्वस्थता वाढल्याचे चिन्ह दिसताच संगीत थांबविले जाते.

कुटुंबीयांचा सहभाग : अंत्यावस्थेतील संगीतोपचार हा पुष्कळदा रुग्णाइतकाच त्याच्या कुटुंबीयांसाठीही असतो. काही करण्यासारखे उरले नाही, ही भावना शुश्रूषा करणाऱ्यांना ग्रासते. आईने म्हटलेली अंगाई तिच्या उशाशी बसून तिलाच म्हणून दाखविणाऱ्या मुलीस करण्यासारखे काहीतरी मिळते. अबोला धरलेल्या भावंडांस एकत्र बसण्यासाठी गीत हे निमित्त होऊ शकते. मृत्यूपूर्वीच सुरू झालेल्या शोकास अशा प्रसंगी वाट मिळते. मात्र नातेवाइकांची इच्छा व रुग्णाची इच्छा भिन्न असल्यास उपचारकाने रुग्णाची बाजू घ्यावी, असा संकेत आहे.

दक्षता : संगीत निरुपद्रवी असते, हा समज बरोबर नाही. खाटेवरून उठता न येणाऱ्या आणि बोलता न येणाऱ्या व्यक्तीस नकोशा संगीतापासून दूर जाता येत नाही. त्यामुळे संमती घेणे व ती वेळोवेळी पडताळणे अत्यावश्यक ठरते. आयुष्यभर निरीश्वरवादी राहिलेल्या वृद्धापुढे, वय झाले म्हणून दिवसभर भक्तिगीते लावून ठेवणे ही त्याच्यावरील सक्ती होय. याउलट श्रद्धाळू रुग्णास त्याच्या उपासनेतील गीत नाकारणेही अनुचित ठरते. विशिष्ट समाजात केवळ अंत्ययात्रेच्या वेळी म्हटली जाणारी गीते रुग्णाने मागितल्याशिवाय योजू नयेत.

वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात आणि त्याच वेळी मोठा आवाज कानास टोचू लागतो. म्हणून आवाज वाढविण्यापेक्षा खालच्या पट्टीत व जवळ बसून गाणे इष्ट असते; श्रवणयंत्र असल्यास ते चालू आहे किंवा नाही, हे आधी पाहावे लागते. कानावर बसविण्याची ध्वनियंत्रे सोयीची असली, तरी ती रुग्णाला भोवतालच्या माणसांपासून तोडतात. मुग्धभ्रमाच्या अवस्थेत स्वरांचा विपर्यस्त अर्थ लावला जाऊन भय वाढू शकते. सामायिक कक्षात एकाचे संगीत शेजारच्या रुग्णास गोंगाट वाटतो. वेदनाशामक औषध देण्याची वेळ झाली असता ते न देता संगीतावर भागविणे सर्वथा गैर होय.

परिणामांचे मूल्यमापन : मरणासन्न रुग्णांवर नियंत्रित प्रयोग करणे अवघड असते. रुग्ण अभ्यास पूर्ण होण्यापूर्वी दगावतात, उपचार गुप्त ठेवता येत नाही आणि प्रत्येकासाठी योजलेले संगीत वेगळे असल्याने तुलना कठीण होते. तरीही काही महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील रसेल हिलियर्ड यांनी २००३ मध्ये हॉस्पिस सेवा घेणाऱ्या ८० कर्करुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगीतोपचार मिळालेल्या गटाची जीवनगुणवत्ता अधिक चांगली राहिली व बैठकी वाढल्या तसतशी ती सुधारत गेली. आयुर्मर्यादेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. क्लीव्हलंड येथे २०० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच बैठकीनंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेली वेदना नियंत्रण गटापेक्षा अधिक कमी झाली. पण वर्तनाच्या बाह्य निरीक्षणावर आधारलेल्या मापनात तसा फरक दिसला नाही. हायडल्बर्ग येथील ८४ रुग्णांवरील प्रयोगात (२०१५) विश्रांतावस्था व स्वास्थ्याची भावना वाढली आणि थकवा कमी झाला, परंतु वेदनेत फरक पडला नाही. भारतात १४ कर्करुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात वेदना कमी झाली. चिंता मात्र लक्षणीय प्रमाणात घटली नाही.

जोक ब्राट व शेरिल डायलिओ यांनी २०१० मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या समीक्षेत निकषांस उतरणारे केवळ ५ अभ्यास व त्यांतील १७५ रुग्ण विचारात घेण्यात आले. संगीतोपचाराने जीवनगुणवत्ता सुधारण्याचा संभव आहे. परंतु पुरावा मर्यादित असून वेदना व चिंता यांबाबत ठाम विधान करता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतरच्या अभ्यासांनी पुराव्यात भर घातली असली, तरी ते परस्परांशी सर्वस्वी जुळत नाहीत, हे वरील उदाहरणांवरून दिसून येते. एकंदरीत, जीवनगुणवत्ता व स्वास्थ्याची भावना यांबाबतचे निष्कर्ष आशादायक आहेत, वेदनेबाबतचे संमिश्र आहेत आणि आयुष्य वाढते, या कल्पनेस हिलियर्ड यांच्या प्रयोगातून दुजोरा मिळत नाही.

भारतीय परिस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. ५·६८ कोटी लोकांना उपशामक परिचर्येची गरज असते व त्यांपैकी सु. १४ टक्के लोकांनाच ती मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सु. १०·४ कोटी होती. देशातील पहिले हॉस्पिस शांती आवेदना सदन हे १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. त्याच्या शाखा गोवा व दिल्ली येथेही आहेत. केरळमध्ये कोझिकोड येथे १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेतून लोकसहभागावर आधारलेली उपशामक परिचर्या वाढीस लागली आणि २००८ साली त्या राज्याने याविषयीचे धोरण जाहीर केले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे केंद्र कार्य करीत आहे. तथापि अंत्यावस्थेतील संगीतोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती भारतात थोड्याच आहेत.

भारतात संगीतोपचार म्हणजे विशिष्ट रोगावर विशिष्ट राग, अशी समजूत बरीच रूढ आहे व त्या स्वरूपाच्या याद्याही प्रचारात आहेत. राग व रस यांचा संबंध भारतीय संगीतशास्त्राने मानला आहे आणि रागसंगीताचे संस्कार झालेल्या श्रोत्यावर त्याचा गाढ परिणाम होतो, यात शंका नाही. परंतु एखादा राग ठरावीक रोगावर औषधाप्रमाणे सर्वांना सारखाच लागू पडतो, असे नियंत्रित प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. अंत्यावस्थेतील रुग्णाच्या बाबतीत तर ही समजूत दिशाभूल करणारी ठरते. येथे उपयोगी पडते ते त्या व्यक्तीच्या जीवनाशी जोडलेले आणि तिच्या श्वासाशी जुळवून घेतलेले संगीत. त्याची यादी आधी करता येत नाही. ती प्रत्येक रुग्णाकडून नव्याने जाणून घ्यावी लागते.

भारतातील बहुसंख्य वृद्धांचा अखेरचा काळ घरीच, कुटुंबीयांच्या सहवासात जातो. ही परिस्थिती संगीताच्या उपयोगास अनुकूल आहे. प्रशिक्षित उपचारक उपलब्ध नसला, तरी घरातील व्यक्तींना काही गोष्टी सहज करता येतात : रुग्ण बोलू शकत असतानाच त्याच्या आवडीनावडी विचारून ठेवणे, दिवसभर आवाज चालू न ठेवता ठरावीक वेळीच थोडे संगीत ऐकविणे, शक्य तेव्हा यंत्राऐवजी स्वतः गाणे आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून वेळीच थांबणे. त्यासाठी सुरेल गळ्याची आवश्यकता नसते. परिचित माणसाचा परिचित आवाज हाच अशा वेळी संगीताचा मुख्य गुण ठरतो. उपशामक परिचर्येच्या प्रशिक्षणात परिचारिका, स्वयंसेवक व कुटुंबीय यांना एवढे प्राथमिक ज्ञान देण्याची सोय झाल्यास थोड्याच प्रशिक्षित उपचारकांच्या मार्गदर्शनाखाली ही सेवा पुष्कळ घरांपर्यंत पोहोचू शकेल.